उषा, कोपरवाला अजून संघात आहे

उषा,

आज सकाळीही तुझ्या गुरुजींचा ईमेल आला. तू गेलीस हे त्या बापड्याला कोण सांगणार? 'गुड मॉर्निंग, चॅम्पियन्स' ही नेहमीची सुरुवात आणि खाली सल्ला: कोपराचं ऑपरेशन झालेला तो बेसबॉलचा पिचर अजून कुणी धरून बसलं असेल, तर आता भावनेच्या आहारी न जाता त्याला सोडून द्या. मी ओट्याशी चहा घेऊन उभी होते. 'बघ, काय म्हणतोय तुझा गुरुजी' असं म्हणायला तुला फोन लावणार, तेवढ्यात आठवलं. चहा सिंकमध्ये ओतला आणि खुर्चीवर बसून राहिले.

परवा आपल्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी सभा ठेवली होती. निष्णात भूलतज्ज्ञ, मनमिळाऊ, हसतमुख, सगळं झालं. अगं, हसतमुख? हातातला खेळाडू दुसऱ्याने पळवला की तुझा चेहरा कसा व्हायचा ते यांना कुठे माहीत! माइक माझ्याकडे आला तेव्हा मी मान हलवून पुढे दिला. नागपूरची असून गप्प बसले, म्हणजे बघ. तिथे बोलण्यासारखं नव्हतंच ते. मे महिन्यात ओकव्हिलला तळ्याकाठच्या बाकावर तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. ते आज द्यायचंय. पण मी एका दमात मुद्द्यावर येणारी बाई नाही, तेव्हा जरा कळ काढ.

आपली ओळख आठवते ना? शाळेच्या जिममध्ये मंडळाचा गणपती होता. आरती झाली, जेवणाची रांग लागली आणि तुझ्याभोवतीही एक वेगळी रांग लागली. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, एका काकांनी तर वरणभाताची प्लेट एका हातात धरून दुसऱ्या हाताने फोनवर एमआरआय दाखवला. तू "हो का, बघू" म्हणत म्हणत मागच्या दाराने पसार झालीस. मी गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायला पार्किंगमध्ये गेले, तर तू काचा वर करून गाडीत बसलेली, मांडीवर मोदकांची प्लेट आणि रेडिओवर टोरोंटोची मॅच. मी काचेवर टकटक केली तशी तू दचकलीस. तुला वाटलं, आणखी एक गुडघा आला.

"स्कोअर काय?" मी विचारलं.

तू दार उघडलंस. त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या आत पोचल्याच नाहीत. मी इथल्या, कॅनडातल्या केंब्रिजच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करायचे, तिथे दिवसभर रेडिओवर बेसबॉल लावलेला असायचा, त्यामुळे मला त्याची गोडी लागली. तू ऑपरेशन थिएटरमधल्या सर्जन लोकांकडून शिकलीस. मराठी बायकांत आपल्यासारखी दुसरी कुणी असेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. आपण दोघी मोदक खात बसलो आणि आमचे हे मला शोधत साऱ्या शाळेला फेऱ्या मारत राहिले.

मग तुझ्या लेकीने, अनघाने मंडळातल्या पोरापोरींची लीग काढली आणि आपण दोघी मिळून एक संघ घेतला. खेळ साधा होता. मार्चमध्ये सगळ्यांनी बेसमेंटमध्ये बसायचं, खरेखुरे खेळाडू पाळीपाळीने आपापल्या नावावर वाटून घ्यायचे, आणि ते मैदानावर काय करतात त्यावर आपल्याला गुण मिळायचे. पहिल्या वर्षी निवड माझ्या ताब्यात होती. क्रिकेटवर वाढलेली मी! मला काय आवडणार? टिकून खेळणारा फलंदाज. बॅट उगाच न फिरवणारा, बाहेरचे चेंडू शांतपणे सोडणारा, चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिल्या बेसवर जाणारा. असे एकाहून एक संयमी सज्जन मी गोळा केले. नंतर कळलं की आपल्या लीगमध्ये त्या फुकटच्या बेसला गुणच नाहीत. कुंपणापार मारलेल्या होमरनला आहेत, पळत जाऊन चोरलेल्या बेसला आहेत, संयमाला शून्य. तू कपाळावर हात मारलास. "सुमन, तू कसोटीचा संघ निवडलास गं!"

आपण शेवटचे आलो. आणि लीगचा नियम असा, की शेवटच्या संघाने पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टला, म्हणजे त्या मार्चमधल्या वाटणीला, सगळ्यांना साबुदाणा वडे करून घालायचे. अनघाच्या बेसमेंटच्या छोट्या स्वयंपाकघरात आपण तळत होतो, वडे तेलात फुटत होते, तुझ्या बाहीवर तेल उडालं. तेव्हा झारा माझ्या हातात देऊन तू जाहीर केलंस, "पुरे झालं. मी तज्ज्ञ लावणार."

मला वाटलं चेष्टा करतेयस. तर तू खरंच अमेरिकेतल्या त्या कुणा तज्ज्ञाची वर्षाची वर्गणी भरलीस. रोज सकाळी दोघींनाही ईमेल, आठवड्याला त्याचं बोलणं ऐकायचं, वर शंका विचारायची सोय. मला हसावं की रडावं कळेना. "पैसे देऊन? बेसबॉलसाठी? फुकटात ढीगभर वाचायला मिळतं की! आणि मला डोळे नाहीत का? मी रोज मॅच बघते." त्याला गुरुजी हे नाव मीच ठेवलं, टोमणा म्हणून. तू ते नाव लगेच उचललंस आणि वर माझंच तोंड बंद केलंस. "सत्यनारायणाला पुण्याहून व्हिडिओवर गुरुजी चालतात, त्यांची दक्षिणा तू ई-ट्रान्सफर करतेस. मग माझ्या गुरुजींनी काय घोडं मारलंय?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. किती गोड भांडण होतं गं ते! चारशेएक हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलं की मी तुला स्पीकरवर लावायचे आणि आपण भांडत भांडत मिल्टन पार करायचो.

तू म्हणायचीस, फुकटचा सल्ला लोक प्रसादासारखा घेतात. हात पुढे करून घेतात, नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकतात आणि विसरतात. इतकी वर्षं मंडळात किती जणांना सांगितलं, मीठ कमी करा, चाला, ती गोळी मध्येच बंद करू नका. ऐकलं कुणी? तेच दुसऱ्या डॉक्टरकडे रीतसर अपॉइंटमेंट घेऊन गेले की मुकाट्याने ऐकतात. मी म्हणायचे, म्हणजे तू स्वतःला ऐकायला लावण्यासाठी पैसे भरतेस? तर तू म्हणायचीस, "तसंच समज." आणि मग त्याच संध्याकाळी गुरुजींचं बोलणं लावून कणीक मळताना त्याच्या तोंडावर म्हणायचीस, "डोंबल तुझं! काहीतरीच बोलतो."

हेच मला कधी कळलं नाही. बाप्पा, दक्षिणा द्यायची आणि वर त्याच्याशीच भांडायचं!

एकदा त्याने सांगितलं म्हणून आपण शेवटच्या डावात येणारा एक पिचर मोठ्या आशेने घेतला. पहिल्याच आठवड्यात त्याची जागा गेली. मी तर दिवाळी साजरी केली. "घ्या गुरुजी!" तू शांत. "चुकला. पण का चुकला ते त्याने आज लिहिलंय, वाच. तुझा अंदाज चुकतो तेव्हा तू काय लिहितेस?" मी काय लिहिणार, मी विषय बदलते. मग त्या पोरगेल्या सेकंड बेसमनच्या वेळी माझा दिवस आला. तो बॅट घेऊन उभा राहताना पुढचा पाय जरा उघडा ठेवायला लागलाय हे मला टीव्हीवर दिसलं, कारखान्यात भागावरचा बारीक चरा दिसायचा तसं. मी हट्टाने त्याला घेतलं. गुरुजींना तो दिसेपर्यंत बाकीच्या लीगच्या हातून तो गेलेला होता. तू मला त्या वर्षी दिवाळीला चकल्यांच्या डब्यावर 'सुमन, तज्ज्ञ' अशी चिठ्ठी चिकटवून पाठवलीस. तो डबा तुझा आहे, माझ्याकडेच राहिलाय. आता राहू दे.

खरं सांगू? त्या वर्गणीने आपला नंबर फार वर गेला नाही. मधल्या घोळक्यात यायचो. वडे तळावे लागले नाहीत, एवढंच. पण तो ईमेल आला की तुझा फोन यायचा. आमचे हे म्हणायचे, "झालं तुमचं प्रातःस्मरण सुरू." रिटायर झाल्यावर केंब्रिजच्या हिवाळ्यात सकाळ खायला उठते उषा. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा आणि पुढे काय? माझ्या सकाळीला तू काम दिलंस. आभार मानायचे राहिले, ते आता मानते. तुझेही, आणि नाइलाजाने गुरुजींचेही.

मग मागच्या हिवाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं आणि तू स्वतःच स्वतःचे रिपोर्ट वाचलेस. मला सांगतानाही कसं, तर खेळाडूच्या दुखापतीची बातमी द्यावी तसं. "कॅन्सर आहे. पसरलाय. हा सीझन बघता येईल, पुढचा अवघड आहे." मी फोनवर ओरडलेच तुझ्यावर, काहीही बोलू नकोस म्हणून.

मार्चच्या ड्राफ्टला तू केमोने दमलेली होतीस. डोक्याला अनघाने विणलेली टोपी, सोफ्यावर लोडाला टेकून बसलेली. आणि मध्येच तू तो कोपरवाला घेतलास. गुरुजींनी लाल अक्षरात लिहिलं होतं, टाळा. कोपराचं ऑपरेशन झालेलं, परत आलाच तर सप्टेंबरमध्ये, तोही चार-दोन डावांपुरता. मी म्हटलं, "अगं, तुझाच गुरुजी नको म्हणतोय!" तू म्हणालीस, "असू दे. त्याचं ऐकलं, विचार केला, आणि घेतला. मला बघायचंय तो परत येतो का." दुखापत झालेल्यांसाठी संघात एकच जागा असते. आपल्या हॉस्पिटलातली एकुलती एक खाट म्हणायचीस तू तिला. तिथे तू त्याला झोपवून ठेवलंस.

आणि मे महिना. तू मला तळ्याकाठी घेऊन गेलीस. मी डब्यात दहीभात आणला होता, तू दोन घास खाल्लेस आणि झाकण लावलंस. म्हणालीस, पहिल्या औषधाचा उपयोग होत नाहीये. मोठे डॉक्टर दुसरं सुचवतायत. कदाचित काही महिने मिळतील, पण ते महिने बहुतेक उलट्यांत आणि हॉस्पिटलात जातील. नाही घेतलं, तर उन्हाळा बरा जाईल आणि मग संपेल.

"तुला काय वाटतं?" तू विचारलंस.

मी तुझ्याकडे बघितलंच नाही. समोर बदकांना बघत म्हटलं, "मला काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहे? एवढा मोठा तज्ज्ञ आहे तो, त्याचं ऐक ना."

तू हसायला लागलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. "इतकी वर्षं मी गुरुजींच्या बाजूने भांडतेय, आणि आज तू पार्टी बदललीस!" मला इतका राग आला! मी म्हटलं, हा काय खेळ आहे का, आणि डबा उचलून गाडीकडे चालायला लागले. तू मागून हळूहळू आलीस. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालीस, "तज्ज्ञाचं मत माझ्याकडे आहे सुमन. मी तुझं विचारलं."

मी गाडी सुरू केली आणि रेडिओ लावला.

पुढच्या आठवड्यात तू औषध नको म्हणून सांगून आलीस. मी तुझ्याशी नीट बोलत नव्हते, हे तुला कळत होतं. अनघाही तुझ्यावर चिडलेली. पण तुला काय, तू आम्हा दोघींना कामाला लावलंस. जूनमध्ये भूक परतली तशी तुझी फर्माईश सुरू झाली. अळूवडी हवी. कैरीची डाळ हवी. आणि मॅच बघायला टोरोंटोला जायचंय, तेही गो ट्रेननेच, कारण खिडकीतून तळं दिसतं.

"ममा, यू नीड टू रेस्ट," अनघा म्हणाली.

"रेस्ट पुढे भरपूर आहे," तू म्हणालीस. अनघा किचनमध्ये जाऊन रडली आणि मग तिनेच तिकिटं काढली.

तो दिवस मी विसरणार नाही. स्टेडियमचं छप्पर उघडलेलं, तुझ्या टोपीवर ऊन, हातात मोहरी थापलेला हॉट डॉग. अर्धा तू खाल्लास, अर्धा मला दिलास आणि परत मागितलास. आपला सेकंड बेसमन पाहुण्यांच्या संघातून खेळत होता. त्याने होमरन मारला आणि आपण दोघी उठून ओरडलो. आजूबाजूचे टोरोंटोवाले डोळे वटारून बघायला लागले. एका दाढीवाल्या माणसाने विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही? तू म्हणालीस, "ओकव्हिल. बट ही इज ऑन अवर टीम." त्याला काय समजायचं ते समजलं. त्याने हसून तुझ्या हातावर टाळी दिली.

परतीच्या ट्रेनमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलीस. मी खांदा हलवला नाही. ओकव्हिल आलं तेव्हा उठवावंसं वाटेना. ते सगळं ऊन, तो हॉट डॉग, तुझं ते ओरडणं, हे दुसऱ्या औषधाच्या खाटेवर झालं नसतं, हे मला तिथेच कळलं होतं. पण तुला सांगितलं नाही. तू जागी झालीस तर मी म्हटलं, "चल, उतरायचंय."

ऑगस्टमध्ये तू गेलीस. अनघा जवळ होती, मी रस्त्यात होते. शेवटच्या आठवड्यात तू बोलायची फार कमी, पण मी आले की भुवया उंचावायचीस. मी सांगायचे, नाही गं, अजून नाही आला कोपरवाला, छोट्या लीगमध्ये सराव करतोय. तू डोळे मिटायचीस. बरी बातमी म्हणून मिटायचीस की कंटाळून, ते मला कळत नव्हतं.

मग अडचण अशी झाली. आपला सेकंड बेसमन गेल्या आठवड्यात मनगटावर पडला. खाट एकच. त्याला ठेवायचं तर कोपरवाल्याला घालवायला हवं. कोपरवाल्याला ठेवायचं तर ह्याला. हिशेबाने बघितलं तर गुरुजींचं शंभर टक्के बरोबर आहे. सेकंड बेसमन दहा दिवसांत परतेल आणि धावा करील. कोपरवाला आला तरी सीझन संपता संपता येणार. त्याला धरून ठेवलं तर आपण खाली घसरणार, कदाचित अगदी तळाला. तळाला म्हणजे काय, तुला माहीत आहे.

अनघाचा फोन आला होता. "सुमनमावशी, डू यू वॉन्ट टू कंटिन्यू द टीम? नो प्रेशर." बिचारीचा आवाज जपून जपून येत होता. मग म्हणाली, आईचं कार्ड बंद केलंय, त्यामुळे त्या तज्ज्ञाची वर्गणी पुढे चालू राहणार नाही, तर ते ईमेल आता थांबतील, डोंट वरी. मी म्हटलं बरं. फोन ठेवला आणि शेवटचा आलेला ईमेल परत उघडला. ते ईमेल थांबतील?

तर उषा, उत्तर.

तुला काय वाटतं, असं तू विचारलंस. मला वाटतं, तू बरोबर केलंस. मला तेव्हाही तेच वाटत होतं गं. बाकावर, बदकांकडे बघताना, तुझा प्रश्न संपायच्या आत मला उत्तर माहीत होतं. पण ते तोंडातून काढलं असतं, तर तुला जा म्हटल्यासारखं झालं असतं. मला तू हवी होतीस. उलट्या करत, हॉस्पिटलात, चिडचिडी, कशीही, पण पुढच्या मार्चलाही हवी होतीस. म्हणून मी त्या मोठ्या डॉक्टरच्या आड लपले. माफीबिफी मागत नाहीये मी, परत तसंच म्हणेन. पण तू माझं मत विचारलं होतंस, त्याचं मत तर तुझ्याकडे होतंच. माझं मत हे आहे. उन्हाळा फार छान गेला. तो तू मला दिलास, मला नको असताना दिलास.

सेकंड बेसमनला मी काल सोडलं. हो, माझ्या त्या सेकंड बेसमनला, ज्याचा पाय मी ओळखला होता. लीगमध्ये कुणीतरी झडप घालून त्याला उचललं, अनघाने मला रडक्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. कोपरवाला खाटेवर आहे. पुढच्या मार्चला बहुतेक वडे मलाच तळावे लागतील. अनघा म्हणाली, ती साबुदाणा भिजवून ठेवेल.

आणि आज दुपारी मी माझं कार्ड काढलं आणि गुरुजींची वर्षाची वर्गणी भरली. आमचे हे मागे उभे राहून बघत होते. "तू? पैसे देऊन? सल्ला?" मी म्हटलं, तुम्ही तुमची बातमी बघा. त्याने लगेच स्वागताचा ईमेल पाठवला, नवीन सदस्य म्हणून, आणि सोबत आजचं बोलणं. मी कणीक घेतली आणि ते ओट्यावर लावून ठेवलं. तो समजावून सांगत होता, आकडे देऊन, नीट, काहीही न लपवता, की कोपरवाल्याची वाट बघण्यात शहाणपण का नाही.

मी पूर्ण ऐकलं उषा. सगळं ऐकलं, विचार केला. मग पिठाच्या हाताने फोनकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, "डोंबल तुझं!"